हार्मोन्सची माहिती वाचताना आधी एक विचारा: ही कोणत्या बाईची माहिती आहे?

प्रश्न असा आला आहे: ‘वय ४८. शेवटची पाळी येऊन १३ महिने झाले. दिवसातून आठ-दहा वेळा अंगातून वाफा येतात, रात्री घामाने गाऊन भिजतो, झोपेचं खोबरं झालंय. बीपी, शुगर काही नाही, गर्भपिशवी आहे. आमच्या डॉक्टरांनी एचआरटी, म्हणजे पाळी गेल्यावर घ्यायची हार्मोन्स, सुचवली आणि विचार करून सांगा म्हणाल्या. जाऊबाई म्हणतात, हार्मोन्सने कॅन्सर होतो. यूट्यूबवर एक डॉक्टर म्हणतात प्रत्येकीने घ्यायलाच हवीत, दुसरे म्हणतात विष आहे, तिसरीकडे काढा विकायला ठेवलाय. खरी माहिती शोधायची कुठे आणि कशी? (जाऊबाईंनी स्वतः काहीच घेतलं नाही. त्यांची पाळी जाऊन चार वर्षं झाली. मध्यंतरी दोनदा थोडं अंगावरून गेलं, पण ते उष्णतेचं होतं.)’

ताई, आधी तुमच्या कंसातल्या ओळीबद्दल बोलते, कारण बाकी सगळं थांबू शकतं, ते थांबू शकत नाही. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून लाल गेलं, मग तो नुसता गुलाबी डाग का असेना, तर तपासल्याशिवाय त्याला उष्णता म्हणायचं नाही. बहुतेक जणींमध्ये कारण साधंच निघतं. आतला भाग कोरडा आणि नाजूक झालेला असतो किंवा एखादा छोटा पॉलिप (मांसाचा कोंब) असतो. पण अशा शंभर जणींतल्या साधारण पाच ते दहा जणींना गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघतो, आणि तो या टप्प्यावर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. जाऊबाईंना याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. खालून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतील. ती ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असली किंवा डाग पुन्हा पुन्हा दिसत असले, तर अस्तराचा छोटा तुकडा घेऊन तपासतील. त्या नको म्हणतील. तरी न्या.

आता तुमचं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २८ वर्षं प्रॅक्टिस करते आहे. पाळी जाण्याच्या वयातल्या बायका रोज समोर बसतात. माहिती मिळत नाही अशी आता कुणाचीच तक्रार नसते, मोबाइल माहितीने भरलेला असतो. अडचण वेगळीच आहे. त्यातली बरीचशी माहिती खरी असते, पण ती दुसऱ्याच कुणा बाईबद्दल असते. तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या, वेगळं औषध घेणाऱ्या, वेगळ्या देशातल्या बाईबद्दलची खरी गोष्ट तुमच्या बाबतीत सपशेल चुकीची ठरू शकते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, माझ्या हातून घडलेलं सांगते.

९ जुलै २००२ ला अमेरिकेतून बातमी आली. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ नावाची सरकारी पैशातून चाललेली मोठी चाचणी, तिचा हार्मोन्सचा एक भाग ठरल्या मुदतीआधीच थांबवला होता. १६,६०८ बायका त्यात होत्या. कारण दिलं होतं की गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी जास्त दिसला, हृदयविकार, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्याही जास्त दिसल्या. आठवडाभरात ती बातमी आमच्या गावात पोचली. मला प्रॅक्टिसमध्ये तेव्हा चार वर्षं झाली होती.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई माझ्याकडे यायच्या. गर्भपिशवीतल्या मोठ्या गाठींसाठी ३८व्या वर्षी त्यांची पिशवी काढली होती, आणि त्याबरोबर दोन्ही अंडाशयंही. त्यांना मी फक्त इस्ट्रोजेनची गोळी देत होते आणि त्यांचं छान चाललं होतं. ऑगस्टमध्ये त्या आल्या. पर्समधून वर्तमानपत्राचं कात्रण काढून टेबलावर ठेवलं, घडीवर घडी घालून मऊ पडलेलं. विचारलं, ‘मॅडम, बंद करू का?’ मी कात्रण वाचलं. मूळ शोधनिबंध मी तेव्हा पाहिलेला नव्हता. मी म्हटलं, ‘करा बंद. धोका कशाला पत्करायचा?’

त्यांचं वय तेव्हा ४१ होतं.

पुढे सावकाश तो निबंध वाचला, तेव्हा कळलं मी काय केलंय. चाचणीतल्या बायका ५० ते ७९ वयाच्या होत्या, सरासरी वय ६३. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या बायका त्यात भरपूर होत्या. औषध एकच होतं, घोडीच्या लघवीपासून बनवलेलं इस्ट्रोजेन आणि त्यासोबत मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं दुसरं हार्मोन. माझ्या शिक्षिका ४१ वर्षांच्या, पिशवी काढलेल्या, दुसरं हार्मोन न घेणाऱ्या. ना वय जुळत होतं, ना औषध, ना शरीराची अवस्था. पिशवी काढलेल्या बायकांची त्याच चाचणीत वेगळी तुकडी होती, १०,७३९ जणींची: साधारण निम्म्या नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या, बाकीच्या बनावट गोळी, म्हणजे तुलनेसाठी दिलेली औषध नसलेली गोळी, घेणाऱ्या. ती २००४ मध्ये थांबवली ती पक्षाघाताच्या वाढीमुळे. स्तनाचा कॅन्सर त्या तुकडीत वाढलेला नव्हता. पुढच्या वर्षांत तर तो बनावट गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमीच दिसत राहिला.

अंडाशयं चाळिशीच्या आत गेली तर नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन भरून देणं, औषध न देण्याचं काही वेगळं कारण नसेल तर, हेच योग्य. हाडं आणि हृदय दोन्हींसाठी. मी नेमकं उलट केलं. २०१४ मध्ये त्या मोरीत पाय घसरून पडल्या आणि मनगट मोडलं. हाडांची घनता तपासली तर हाडं पार ठिसूळ झालेली. त्या एका निर्णयामुळेच मनगट मोडलं असं म्हणता येणार नाही. पण मधली वर्षं त्यांच्या हाडांना जे मिळायला हवं होतं ते मिळालं नाही, आणि ते मी थांबवलं होतं. मी त्यांना तसं सांगितलं. तेव्हापासून कुठलीही बातमी, व्हिडिओ किंवा शोधनिबंध समोर आला की पहिला प्रश्न हाच विचारते, आणि तुम्हालाही तोच द्यायचाय: ही कोणत्या बाईची माहिती आहे? वय किती, पाळी जाऊन किती वर्षं, पिशवी आहे का, औषध कुठलं, कुठल्या वाटेने घेतलं, किती वर्षं?

दुसरा प्रश्न आकड्यांचा. टक्के ऐकून घाबरायचं नाही, डोकी मोजायची. ते २६ टक्के घ्या. आमच्या ओपीडीत मी कागदावर असं लिहून देते: दहा हजार बायका, वर्षभर. गोळी न घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर ३० जणींना. गोळी घेणाऱ्यांत ३८ जणींना. ३०चे ३८ होणं म्हणजेच ते २६ टक्के, आणि दहा हजारांत वर्षाला आठ जणी जास्त, हेही तेच. दोन्ही खरं आहे. पण पहिलं ऐकून पोटात गोळा येतो आणि दुसरं ऐकून विचार करता येतो. त्याच चाचणीत मांडीच्या हाडाचं मोडणं दहा हजारांत पाचने कमी झालं आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर सहाने. या चाचणीतल्या बायकांचा पुढे एकूण १८ वर्षं मागोवा घेतला आणि २०१७ मध्ये निष्कर्ष आले. हार्मोन्स घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांच्या एकूण मृत्यूंत फरक नव्हता. ती बातमी कात्रण करून कुणी माझ्याकडे आणली नाही.

आणखी एक गंमतीचा वाटावा असा, पण खरं म्हणजे फार महत्त्वाचा मुद्दा: किती काळ मोजलं. ब्रिटिश मेनोपॉज सोसायटीच्या ‘विमेन्स हेल्थ कन्सर्न’चा एक तक्ता आहे. ५० ते ५९ वयाच्या एक हजार ब्रिटिश बायका, पाच वर्षं. त्यांतल्या २३ जणींना तसाही स्तनाचा कॅन्सर होतो. दोन्ही हार्मोन्स घेतली तर आणखी ४ जणींना. लठ्ठपणा असेल तर आणखी २४ जणींना. मग ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली आलेला जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष बघा. पन्नाशीला सुरू करून पाच वर्षं दोन्ही हार्मोन्स रोज घेतली, तर पुढच्या वीस वर्षांत मिळून दर ५० जणींमागे एक कॅन्सर जास्त. नुसत्या इस्ट्रोजेनला हेच प्रमाण दर २०० जणींमागे एक. हजारात चार आणि पन्नासात एक, दोन्ही वाचून बाई गोंधळते आणि म्हणते डॉक्टर लोकांचंच ठरलेलं नाही. पण एकाने पाच वर्षं मोजली आणि दुसऱ्याने वीस. शिवाय दोन्हीकडे मुख्यतः पाश्चात्त्य बायका. आपल्याकडे स्तनाच्या कॅन्सरचं मूळ प्रमाण त्यांच्यापेक्षा कमी आहे, त्यामुळे वरची भरही त्या मानाने कमी धरावी लागते. धोका शून्य आहे असं मात्र मी कुणालाच सांगत नाही. जो तसं सांगतो त्याचा व्हिडिओ तिथेच बंद करा.

कारण लंबक आता दुसऱ्या टोकाला चाललाय. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, एचआरटीच्या खोक्यावरचा चौकटीतला मोठा इशारा काढायचं जाहीर केलं. हृदयविकार, स्तनाचा कॅन्सर आणि स्मृतिभ्रंश यांबद्दलचे शब्द चौकटीतून काढायचे, मात्र गर्भपिशवी असताना नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर अस्तराच्या कॅन्सरचा धोका असतो, तो इशारा ठेवायचा. खालून लावायच्या क्रीमवरही तोच भयंकर इशारा छापलेला असायचा, त्यामुळे तो काढणं योग्यच होतं असं मला वाटतं. पण त्यानंतर महिनाभरात माझ्याकडे तीन बायका आल्या. कसलाही त्रास नसलेल्या. म्हणाल्या, ‘मॅडम, आता ही औषधं सुरक्षित झालीत ना, मग विस्मरण होऊ नये म्हणून सुरू करा.’ धोक्याचा शब्द चौकटीतून काढला म्हणजे औषध प्रतिबंधक लस झालं असं नाही. त्रास नसताना केवळ पुढचे आजार टाळायला हार्मोन्स घेऊ नयेत, असं अमेरिकेच्याच प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२२ मध्ये पुन्हा सांगितलंय. त्रास असेल, वय साठच्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसतील आणि औषध न देण्याचं कारण नसेल, तर फायदा धोक्यापेक्षा जास्त: उत्तर अमेरिकेच्या मेनोपॉज सोसायटीने २०२२ मध्ये मांडलेली भूमिका ही आहे, आणि आमची इंडियन मेनोपॉज सोसायटीही साधारण याच वाटेने जाते.

मग कुठे वाचायचं. इंग्रजी बऱ्यापैकी येत असेल तर सुरुवात ब्रिटनच्या एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, पानापासून करा. भाषा सोपी, विकायला काही नाही, आणि पानाखाली शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख असते. तारीख बघायची सवय लावाच. या विषयात २००३ चं पान आणि २०२४ चं पान यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यानंतर ब्रिटनच्याच ‘नाइस’ची, म्हणजे उपचार कसे करावेत ते ठरवणाऱ्या संस्थेची, मार्गदर्शक तत्त्वं. ती २०१५ मध्ये आली, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुधारली, आणि त्यात बाईने डॉक्टरांबरोबर बसून बघायचे तक्तेही आहेत. ‘विमेन्स हेल्थ कन्सर्न’ची दोन-दोन पानांची पत्रकं छापून पर्समध्ये ठेवण्यासारखी आहेत. आपल्या बायकांसाठी इंडियन मेनोपॉज सोसायटीची २०१९-२०ची मार्गदर्शक तत्त्वं ‘जर्नल ऑफ मिड-लाइफ हेल्थ’मध्ये मोफत वाचता येतात. ती डॉक्टरांसाठी लिहिलेली आहेत, जड जातील, पण त्यात एक गोष्ट आहे जी परदेशी पानांवर सापडत नाही: आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. तिकडे ५१ व्या. म्हणजे तिकडचं ‘पन्नाशीला सुरू होतं’ वाचून आपली ४४ वर्षांची बाई म्हणते, मला अजून वेळ आहे, हा थायरॉइडचा त्रास असेल. थायरॉइड तपासावाच, धडधड आणि घाम त्यानेही होतात. पण पाळीचाही विचार व्हायला हवा.

या संस्थांवर माझा विश्वास का, तर त्या कधी चुकत नाहीत म्हणून नाही. चूक सापडली की त्या तारखेसकट दुरुस्त करतात, कुणाकडून पैसे घेतले ते छापतात आणि आपलं म्हणणं कुठल्या अभ्यासावर उभं आहे ते दाखवतात.

मोबाइलवर भाषांतर करून वाचत असाल तर एक सावधगिरी. मध्यंतरी एक बाई ‘गरम चमक’ म्हणजे काय विचारत आल्या. मला क्षणभर कळेना. ‘हॉट फ्लॅश’चं यंत्राने केलेलं भाषांतर होतं ते. तेवढं चालून जाईल, पण त्याच पानावर पक्षाघाताच्या ‘स्ट्रोक’चा ‘झटका’ झाला होता, आणि त्या बाईंनी त्याचा अर्थ हार्ट अटॅक असा लावला होता. मूळ इंग्रजी शब्द शेजारी ठेवा आणि ज्या ओळीवर निर्णय ठरणार आहे ती ओळ डॉक्टरांना दाखवा.

तुमच्या यूट्यूबवरच्या दोन्ही डॉक्टरांचं काय करायचं? ते डॉक्टर कशाचे आहेत ते बघा, व्हिडिओच्या खाली काय विकायला आहे ते बघा, आणि संपूर्ण व्हिडिओत ‘ज्यांना अमुक आजार आहे त्यांनी घेऊ नये’ असं वाक्य एकदा तरी येतं का ते ऐका. एचआरटीबद्दल जाणून बोलणारा माणूस हे वाक्य टाळूच शकत नाही. स्तनाचा कॅन्सर झालेला असणं, कारण न कळलेला रक्तस्राव, पायात किंवा फुप्फुसात गुठळी होऊन गेलेली असणं, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेला असणं, यकृताचा चालू आजार: यांत सहसा एचआरटी देत नाहीत. ‘प्रत्येकीने घ्या’ म्हणणारा आणि ‘कुणीच घेऊ नका’ म्हणणारा, दोघांच्याही समोर खरी बाई बसलेली नाही.

काढ्याबद्दल विचारलंत. १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय कायदा आहे. पाळीच्या तक्रारी, गर्भपिशवीचे आजार, एकूण स्त्रियांचे आजार यांवर अमुक औषधाने बरं होतं अशी जाहिरात करायलाच त्यात बंदी आहे. त्यामुळे ‘२१ दिवसांत मेनोपॉजच्या त्रासातून मुक्ती’ असं दिसलं की विकणारा कायदा मोडूनच सुरुवात करतोय हे ओळखा. शतावरी किंवा सोयाबीन घेऊन बरं वाटतं म्हणणाऱ्या बायका मला भेटतात, मी त्यांना खोटं पाडत नाही. वाफा अशाही कमी-जास्त होत असतात आणि बनावट गोळी दिली तरी बऱ्याच जणींना उतार पडतो. म्हणून तर तुलना करावी लागते. सोयाबीनसारख्या वनस्पतीजन्य इस्ट्रोजेनचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा खात्रीचा फायदा हाती लागला नाही. आहारात सोयाबीन खायला काहीच हरकत नाही. भरवसा त्यावर ठेवू नका, एवढंच. शहरांतून आता ‘बायोआयडेंटिकल’ (शरीरातल्यासारख्याच) हार्मोन्सच्या पेलेट, म्हणजे बारीक गोळ्या, त्वचेखाली बसवायचं निघालंय, ‘तुमच्यासाठी खास बनवलेलं’ म्हणून. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीने २०२० मध्ये अशा खास बनवून घेतलेल्या हार्मोन्सचा आढावा घेऊन ती सरसकट वापरू नयेत असंच सांगितलं. मात्रा बेभरवशाची, आणि बसवलेली पेलेट सहजी काढता येत नाही. शरीरातल्यासारखंच इस्ट्राडायोल आणि प्रोजेस्टेरॉन साध्या मेडिकलमध्ये, तपासून मंजूर झालेलं, चिठ्ठीवर मिळतं.

तसंच ‘मेनोपॉज पॅकेज’. ४५ नंतर, पाळी लांबत गेलेली आणि वाफा येणारी बाई समोर असेल, तर मेनोपॉज ओळखायला एफएसएच या हार्मोनची रक्ततपासणी लागत नाही. या वर्षांत ते प्रमाण आठवड्या-आठवड्याला वर-खाली होतं. तुमच्या बाबतीत १३ महिने पाळी नाही, एवढं निदान पुरेसं आहे. त्या पैशात मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करा.

बीडचा विषय इथे आणणं मला आवश्यक वाटतं. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये समोर आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांत तिशी-पस्तिशीतल्या बायका होत्या. माझ्याकडे कारखान्यावर जाणाऱ्या टोळीतल्या बायका येतात. प्लास्टिकच्या पिशवीत कागद असतात, कधी नुसतं एक बिल. मी विचारते, ‘पिशवीबरोबर अंडाशयं काढली की ठेवली?’ बहुतेकींना माहीत नसतं. कुणी सांगितलेलंच नसतं. आणि या एका उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे. अंडाशयं गेली असतील तर पस्तिशीतच मेनोपॉज आलाय. अंडाशयं ठेवली असली तरी पिशवी काढल्यावर तो थोडा लवकर येऊ शकतो, आणि पाळीच नसल्यामुळे आला हे कळत नाही. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी, शेजारी, कामाला येणाऱ्या मावशींचं असं ऑपरेशन झालं असेल, तर डिस्चार्ज कार्ड शोधायला मदत करा. त्यावर अंडाशयांबद्दल लिहिलेलं असतं. कार्ड नसेल तर सोनोग्राफीत बऱ्याचदा कळतं.

आता तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेल्या एचआरटीबद्दल. वय ४८, पाळी जाऊन १३ महिने, बीपी-शुगर नाही, त्रास भरपूर: ज्या बाईला फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो असं सगळी मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात, ती साधारण तुमच्यासारखीच. अमेरिकेतल्या एका मोठ्या, लांब चाललेल्या अभ्यासात वाफा बऱ्याच जणींमध्ये सरासरी सात वर्षांहून जास्त टिकल्या, तेव्हा ‘सहन करा, जातील’ हा सल्ला मी देणार नाही. तुम्हाला पिशवी आहे म्हणजे इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन लागणारच. नुसत्या इस्ट्रोजेनने अस्तर वाढत जातं आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो, हे १९७५ पासून माहीत आहे. प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल रात्री घेतात, तिने थोडी गुंगी येते, आणि तुमच्यासारख्या झोप उडालेल्या बाईला ती उपयोगीच पडते. इस्ट्रोजेन गोळीने घ्यायचं की दंडावर चोळायच्या जेलने, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. तोंडावाटे घेतलेलं आधी यकृतातून जातं आणि गुठळ्यांचा धोका थोडा वाढवतो. त्वचेतून नेहमीच्या मात्रेत घेतलेल्याने तो वाढलेला दिसत नाही. वजन जास्त असेल किंवा घरात कुणाला गुठळी झाली असेल तर मी जेलच देते.

सुरू करण्याआधी बीपी, वजन, स्तनांची तपासणी आणि मॅमोग्राफी झालेली असावी. आई, बहीण, मावशी, आत्या, कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला होता का आणि कितव्या वर्षी, हे घरी विचारून जा. तपासणीच्या खोलीत ऐनवेळी आठवत नाही. गणपतीत पाळी पुढे ढकलायला घेतो त्या गोळ्या म्हणजे एचआरटी नव्हे. त्या गोळ्यांनी कधी त्रास झाला असेल तर तेही सांगा, पण त्यावरून याचा अंदाज बांधू नका. आणि एचआरटीने गर्भधारणा टळत नाही. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर शेवटच्या पाळीपासून दोन वर्षं काळजी घ्यायला सांगतात, म्हणजे तुमचे अजून ११ महिने बाकी आहेत.

नको वाटलं तर नको म्हणायचाही पूर्ण हक्क आहे. वाफांसाठी हार्मोन नसलेली औषधंही आहेत. नैराश्यासाठीच्या काही गोळ्या कमी मात्रेत, गॅबापेंटिन, आणि विचार-वर्तनाच्या समुपदेशनाचाही उपयोग होतो. फक्त कोरडेपणाचा त्रास असेल तर खालून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम पुरतं. ते रक्तात नगण्य जातं, त्याला वेगळं प्रोजेस्टेरॉन लागत नाही.

सुरू केलंत तर तीन महिन्यांनी परत दाखवा. पहिल्या काही महिन्यांत थोडं अंगावरून जाऊ शकतं, ते डॉक्टरांना कळवा. सहा महिन्यांनंतरही जात राहिलं किंवा थांबून पुन्हा सुरू झालं, तर जाऊबाईंची जी सोनोग्राफी या आठवड्यात करायची आहे, तीच तुमचीही करावी लागेल. त्यांची अपॉइंटमेंट घेताना तुमचीही घ्या, दोघी मिळून जा. आत गेल्यावर आधी त्यांना दाखवू द्या.